दत्ता, पुन्हा माळेचीच गोष्ट

अश्दोद, इस्राएल

प्रिय दत्ता,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील. साखर आहे, गोळ्या आहेत, पुढे चल.

धाकट्याने नोकरी सोडली. यरुशलेमला येशिवात, म्हणजे आमच्या धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत जाऊन बसलाय, रब्बी म्हणजे धर्मगुरू व्हायचंय म्हणे. तुझ्या आबांनी माळ घातली तेव्हा तुमच्या घराचं काय झालं होतं ते मी पाहिलंय, म्हणून तुलाच लिहितोय.

त्याच्या खोलीत राव कुकांचा फोटो आहे, इथले जुने मोठे रब्बी. फरची टोपी, पांढरी दाढी. त्याला काही कळू न देता मी वाचून काढलं. लाटवियाकडचे, जन्म १८६५. १९०४ मध्ये इथल्या याफा शहराचे रब्बी झाले. १९१४ला परिषदेसाठी युरोपात गेले ते महायुद्धात अडकले, परतले १९१९ला. (मीही दोनच वर्षांसाठी आलो होतो, हसू नकोस.) इथे सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची असते. १९०९-१० मध्ये शेतकरी उपाशी मरायची वेळ आली, तर कुकांनी जमीन कागदोपत्री परधर्मीयाला विकून कसायची मुभा दिली. कुळकायद्याच्या वेळचे आपले खोत आठवले ना?

माणूस आवडला मला, तीच पंचाईत आहे. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती न पाळणारी, प्रार्थना न करणारी पोरं इथे येऊन शेती करत होती. कुक म्हणाले, त्यांना कळत नसलं तरी ते पवित्र कामच करतायत. यरुशलेमच्या जुन्या कर्मठांनी त्यापायी त्यांना छळलं. आणि आमचे चिरंजीव काय म्हणाले? मी शनिवारी क्रिकेट लावलं होतं. "असू दे बाबा, तुम्हीही नकळत पवित्रच आहात." अरे, भांडला असता तर बरं! मी अपराध करायच्या आधीच हा माफ करून मोकळा!

१९२१ मध्ये कुक इथले पहिले अश्केनाझी, म्हणजे युरोपकडच्या ज्यूंचे, मुख्य रब्बी झाले. त्याच मुख्य रब्बीपदाकडून १९६२ मध्ये आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, लग्नं लावण्याआधी घराणी तपासायचा हुकूम निघाला. काका त्याविरुद्धच्या १९६४च्या धरण्यात बसला होता. धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणूनच आपल्यातले रब्बी हवेत." मला उत्तर सुचलं नाही. तुला तरी सुचतंय का?

आम्हाला वर्ज्य असलेलं कोळंबीचं कालवण मी खाल्लं, ते तू मात्र माझ्या आईला सांगून मोकळा झालास. चाळीस वर्षं झाली, विसरलो नाही.

तुझा गुडघा कसा आहे? सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? वहिनींना नमस्कार.

पुढच्या शुक्रवारी तो येतोय, भांडी तपासणार आहे. आबांनी माळ घातल्यावर तुमच्याकडे मासे पडवीत शिजायचे की मागच्या अंगणात, ते लगेच कळव.

तुझा,
शामू