पवनचक्की छापली, युनिट कुठे छापलेत?

महोदय,

रविवारच्या अंकाला गुंडाळलेली एका कंपनीची ती हिरवीगार जाहिरात पाहिली. पवनचक्की, तिच्याखाली हात पसरून धावणारी मुलगी आणि ‘हरित ऊर्जा, आमची बांधिलकी’. कंपनीला वीज एकूण किती लागते, त्यातली सूर्याची-वाऱ्याची किती, हे चष्मा पुसून शोधले तरी सापडले नाही. कोपऱ्यात क्यूआर कोड होता. नातवाकडून स्कॅन करून घेतला, तर डीलरशिपचा फॉर्म उघडला!

मी 31 वर्षे एका कारखान्यात मेंटेनन्सला वायरमन होतो. (जाहिरातवाली कंपनी नव्हे, पण तिचीच चुलत बहीण समजा.) आमच्या कँटीनच्या छपरावर 50 किलोवॉटचे सोलर बसले तेव्हा फीत, पेढे, फोटो, सगळे यथासांग झाले. चांगले ऊन असले तर दिवसाला दोनशेच्या आसपास युनिट मिळत. हीट ट्रीटमेंटची एक भट्टी तेवढे तासाभरात गिळायची. तरी सुरुवात म्हणून वाईट नव्हते. पण पॅनल धुवायला पाण्याची लाइन द्या, असे मी तीनदा लिहून दिले. बजेट नाही म्हणाले. धुळीचा थर असा, की बोटाने नाव लिहावे. पाहुणे येणार असले की मात्र फर्मान सुटे : ‘गेटवरून दिसतात तेवढ्या दोन रांगा पुसून घ्या.’ मग आम्ही बादल्या घेऊन शिडीवर. पुढे एका मे महिन्यात इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र) जळला, तो बदलायला चौदा महिने लागले. तेवढ्यात 5 जूनचा पर्यावरण दिन दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा नोटीस बोर्डावर त्याच छपराचा फोटो, झेंडूच्या माळेसकट!

कंपन्यांनी मिरवू नये असे नाही, खुशाल मिरवावे. कारखान्याच्या गेटवर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा बोर्ड असतो ना, त्याच्याखाली आणखी एक ओळ रंगवा : गेल्या महिन्यात एकूण युनिट इतके, पैकी सौर-पवन इतके, डिझेल जनरेटर चालला इतके तास. पेंटरला असे कितीसे पैसे लागतात? छप्पर लहान आहे ही सबबही जुनी झाली. बाहेरच्या उत्पादकाकडून हरित वीज घ्यायला निदान 1 मेगावॉट विजेची मागणी हवी, ही अट केंद्राच्या 2022 च्या नियमांनी 100 किलोवॉटवर आणली, म्हणजे मध्यम कारखान्यालाही बाहेरून हरित वीज घेता येते. आणि ‘हिरवे’, ‘स्वच्छ’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्येच बजावले आहे. जाहिरात घेताना आपल्या कार्यालयात हे कुणी वाचते का, की चेक वटला की झाले?

जाता जाता, त्या जाहिरातीपायी रविवारचे शब्दकोडे गाळलेत. आधीच्या कोड्याचे उत्तरही दिले नाही. आडवा 14 अजून अडलेला आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन, चिंचवड