‘किरकोळ कामा’विषयी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, माझ्याच नजरेतून एखादा परिच्छेद सुटला असेल. सुटला नव्हता. इंग्लंडमधल्या टॉर्की गावचं घर, अकराव्या वर्षी वडील जाणं, पॅरिसची शाळा, कैरोमधले नाच, सगळं ऐसपैस आलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांना मात्र एकच वाक्य: ‘याच काळात त्यांनी रुग्णालयात औषधे देण्याचे किरकोळ कामही केले.’ पुढच्याच ओळीत बहिणीने पैज लावली आणि कादंबरी तयार!

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात हे किरकोळ काम केलं, म्हणून हे पत्र.

रेड क्रॉसच्या नोंदींत अगाथाबाईंचे ३,४०० तास आहेत. आधी परिचारिका म्हणून, बिनपगारी. मग औषधखोलीत आल्या, अभ्यास करून परीक्षा दिली, आणि १९१७पासून वर्षाला १६ पौंड मिळू लागले. औषधखोलीत एक तर कामाची झुंबड असते, नाहीतर दुपारभर कुणी फिरकत नाही. अशाच रिकाम्या वेळात त्यांच्या डोक्यात रहस्यकथा घोळू लागली, आणि भोवती विषांची कपाटं असल्यामुळे खून विषाने होणं ओघानेच आलं. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतः सांगितलं आहे. बहिणीचं ‘तुला नाही जमणार’ त्याच्या आधीचं, आणि रीतसर पैज कधी लागलीच नव्हती. पुढे आईच्या सांगण्यावरून रजा घेऊन त्या डार्टमूरच्या माळावर एका हॉटेलात राहिल्या आणि उरलेली कादंबरी तिथे पुरी केली. ते साल १९१६. पुस्तक निघायला १९२० उजाडलं.

आता त्या ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’मधली युक्ती बघा. टॉनिकात स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांतलं विष, अगदी थोडं असतं. त्यात ब्रोमाइडची, म्हणजे तेव्हाच्या झोपेच्या औषधाची, पूड पडली की ते स्फटिक होऊन तळाशी बसतं. रोजचा घोट निर्धोक, शेवटचा जीवघेणा. खुनी कोण ते लिहीत नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी. पण ही युक्ती ज्याने बाटल्या भरल्या आहेत त्यालाच सुचावी. मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही मिक्स्चर हाताने बनवायचो. पेशंट घरून बाटली आणायचे. कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाटलीवर चिकटवायची, एक खाच एक डोस, आणि प्रत्येकाला सांगायचं, ‘बाटली हलवून घ्या.’ दिवसाला शंभर वेळा तरी. ते का सांगतो, हे विचारणारा क्वचित भेटायचा. एका औषधशास्त्राच्या नियतकालिकाने या कादंबरीतल्या विषाच्या अचूकपणाचं कौतुक केलं, त्याचा बाईंना फार आनंद झाला होता. मला तो आनंद कळतो.

लेखकाने आत्मचरित्रातलं आणखी एक पान वाचायला हवं होतं. शिकाऊ असताना त्या गावातल्या एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली जात. एकदा त्याने सपॉझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या, बनवताना दशांशचिन्ह चुकवलं. औषध दसपट पडलं. हिला ते दिसलं, पण तो अनुभवी, ही नवखी पोर. तिने काय करावं? पाय अडखळल्याचं सोंग केलं, सगळ्या वड्या खाली पाडल्या आणि वर पायही दिला. मग माफी मागितली.

ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका लहान मुलाच्या चिठ्ठीवर हृदयाच्या औषधाचा डोस असाच दसपट आला होता. मी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेले. रांगेतल्या सगळ्यांदेखत ऐकलं, ‘तुम्ही बाटल्या भरा, डोसचं आम्ही बघतो.’ परत येऊन मी त्या मुलाच्या आईला खोटं सांगितलं, ‘औषध संपलंय, दुपारी या.’ मग वरिष्ठांना गाठलं. चिठ्ठी बदलली. मला मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही, ना चुकीबद्दल, ना त्या अपमानाबद्दल. माऊली दुपारी औषध घेऊन गेली, तिला आजही काही माहीत नसेल. मला त्या मुलाचा हिरवा स्वेटर अजून आठवतो.

तेव्हा ‘किरकोळ’ हा शब्द आपण मागे घ्यावा, ही विनंती. लेखिका म्हणून अगाथाबाई घडल्या त्या याच कामात. प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवायचा, कुणी कितीही मोठा असला तरी त्याचा आकडा स्वतः तपासायचा, ही त्या टेबलावरची सवय आहे. बेल्जियमचे निर्वासित टॉर्कीत आले म्हणून या कादंबरीतला बेल्जियन गुप्तहेर पॉयरो सुचला, हे लेखात आहे आणि ते खरंच आहे. पण तो पॉयरो शंका कशी घेतो, ते कुठून आलं?

दशांशचिन्हाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. गेल्या जानेवारीत आपल्या आरोग्य सदरात एका जीवनसत्त्वाच्या मात्रेत मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम छापलं गेलं. म्हणजे हजारपट. मी त्याच दिवशी पत्र टाकलं, आठवड्याने फोनही केला. ‘संबंधितांना कळवतो’ असं उत्तर मिळालं. दुरुस्ती अजून छापलेली नाही. कात्रण सोबत जोडलं आहे, चुकीच्या आकड्याभोवती लाल पेनाने खूण केली आहे.

आपली,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी, सातारा