पीटीचा तास आणि १२० क्रेडिट

एडिसन, न्यू जर्सी
१७ नोव्हेंबर २०२४

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री तुझ्या पहिल्या मार्किंग पिरियडचा निकाल पाहताना माझा आवाज चढला आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलास, याचे मला दोन दिवस वाईट वाटते आहे. तोंडी बोलायला गेलो तर पुन्हा तसेच होईल, म्हणून लिहितो आहे. जिऑमेट्रीत ए आणि बायॉलॉजीत बी-प्लस मिळवलेल्या मुलावर बाबा पीटीच्या एका शेऱ्यासाठी एवढे का चिडले, हा तुझा प्रश्न रास्त होता. त्याचे नीट उत्तर मी त्या वेळी दिले नाही, ते आता देतो.

साताऱ्याला आपल्या शाळेत पीटीचा तास कसा असे, हे तुला माहीत आहे आणि मलाही. पोर्शन मागे पडला की गणिताचे सर तो तास मागून घेत, आणि त्याबद्दल कोणाच्याही घरी चकार शब्द निघत नसे. कारण शेवटी सगळा हिशेब दहावीच्या मार्चमध्ये व्हायचा, आणि मार्चमध्ये पीटीचा पेपर नसतो. वर्षभर काय केले हे बाजूला ठेवून त्या पंधरवड्यात जे लिहाल त्यावर निकाल लागतो, अशी आपली घडण आहे. इथे ती सवय नडते. हायस्कूल डिप्लोमा, म्हणजे इथला बारावी पूर्ण झाल्याचा दाखला, कोणत्याही एका परीक्षेने मिळत नाही. तो चार वर्षे थोडा थोडा साठत जातो आणि साठलेले न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट भरले तरच हातात पडतो. वर्षभर रोज एक तास चालणाऱ्या विषयाचे ५ क्रेडिट, अर्ध्या वर्षाच्या विषयाचे अडीच. विषयात पास झालास तर ते सगळे जमा होतात, नापास झालास तर त्यातले काहीच जमा होत नाही, मग वर्षभर किती खपलास हे कोणी विचारत नाही. (आजीला फोनवर हे समजावताना एक गोष्ट आधी सांगत जा. डिप्लोमा म्हटले की तिच्या डोळ्यांसमोर पॉलिटेक्निक येते, आणि तू सायन्स सोडलेस की काय या काळजीने ती परवा आईशी अर्धा तास बोलत होती.)

आता पीटीकडे येतो. हेल्थ, सेफ्टी आणि फिजिकल एज्युकेशन मिळून आठवड्याला १५० मिनिटे शिकवले गेलेच पाहिजे, असा या राज्याचा कायदा आहे, आणि विद्यार्थी जितकी वर्षे हायस्कूलमध्ये असेल त्या प्रत्येक वर्षाचे ३.७५ क्रेडिट त्यात मिळवावे लागतात. ‘प्रत्येक वर्षाचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या विषयात कितीही जास्त क्रेडिट केलेस तरी ही जागा त्यांनी भरत नाही. दहावीतली पीटी राहिली तर ती पुढे कधीतरी, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा अकरावीत एखादा आवडीचा विषय सोडून, भरून काढावी लागेल. ‘पीटीच तर आहे’ असे तू म्हणालास, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे सगळे होते आणि तोंडून मात्र ओरडणे निघाले.

माझ्या चिडण्यामागे याच वर्षीचा ऑगस्टही होता, त्याला अजून तीन महिनेही झाले नाहीत. तुझे नववीचे प्रगतिपुस्तक घेऊन आपण शाळेच्या ऑफिसात गेलो तेव्हा त्यांनी गणिताचे एकही क्रेडिट धरायला नकार दिला होता, आणि परतताना तू गाडीत एक अक्षर बोलला नव्हतास. इथे अल्जिब्रा वन हे एक पूर्ण वर्ष, जिऑमेट्री हे दुसरे. आपल्याकडे नववीत भाग १ आणि भाग २ ही दोन्ही पुस्तके एकाच वर्षात शेजारी शेजारी चालतात. त्यांच्या खणात आपले वर्ष बसेना. आईने दोन संध्याकाळ बसून दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत उतरवल्या: संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे, आणि दुसरीकडे समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. तो कागद पाहिल्यावर कौन्सेलर बाईंनी एकच गोष्ट विचारली, वर्गसमीकरणे कुठे आहेत? ती आपल्याकडे दहावीत येतात. त्यांचे बोलणे बरोबर होते, कारण अल्जिब्रा वनमध्ये ती असतात. मग तीन आठवडे तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज रात्री वर्गसमीकरणे सोडवलीस, अवयव पाडणे जमेना तेव्हा कागद चुरगळलेस आणि पुन्हा सरळ करून त्याच्याच मागच्या बाजूला लिहिलेस. चाचणी दिलीस आणि ते ५ क्रेडिट मिळवलेस. ज्या मुलाने ५ क्रेडिटसाठी एवढे केले, तो ३.७५ क्रेडिट बाकावर बसून सोडतो, हे मला सहन झाले नाही.

त्या वेळी एकूण किती धरले गेले, ते पुन्हा लिहून ठेवतो. इंग्रजीचे ५, अल्जिब्राचे ५, सायन्सचे ५, नववीची मराठी आणि हिंदी दाखवून वर्ल्ड लँग्वेजचे ५, आणि इतिहास-भूगोलाचे ५. पण हे शेवटचे ऐच्छिक विषय म्हणून धरले, वर्ल्ड हिस्टरी म्हणून नव्हे. गणिताच्या भाग १ मधले ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आर्थिक साक्षरतेच्या अडीच क्रेडिटमध्ये धरावे असे आईने सुचवून पाहिले, ते मान्य झाले नाही. म्हणजे २५ जमा आणि तीन वर्षांत ९५ मिळवायचे. तुझे वेळापत्रक वर्षाला ३५ चे आहे, तेव्हा तीन वर्षांत १०५ होतील. हाताशी सूट आहे ती फक्त १० क्रेडिटची, दोन विषयांची. चारही वर्षे इथेच शिकणाऱ्या तुझ्या मित्रांना यापेक्षा बरीच मोकळीक असते, म्हणून त्यांच्याकडे पाहून ‘एक विषय गेला तर काय होते’ असे ठरवू नकोस.

बाकीच्या अटी कठीण नाहीत, फक्त विसरता कामा नयेत. इंग्रजी चारही वर्षे, एकूण २० क्रेडिट. गणित १५, त्यात अल्जिब्रा आणि जिऑमेट्रीनंतर त्यांच्यावर आधारलेले तिसरे वर्ष आलेच पाहिजे. सायन्स १५, त्यात प्रयोगशाळेसह बायॉलॉजी सक्तीची, जी तू आता करतोच आहेस, आणि पुढच्या वर्षी केमिस्ट्री किंवा फिजिक्स. सामाजिक शास्त्रांचे १५, त्यातले १० अमेरिकेच्या आणि न्यू जर्सीच्या इतिहासाचे. हे दोन्ही वर्षे तुला मुळापासून करायचे आहेत, आणि त्यात तुला जड जाईल ते वाचन, कारण इथल्या मुलांनी लहानपणापासून ऐकलेली नावे तुला पहिल्यांदाच भेटणार आहेत. कलेचे ५ क्रेडिट तू चित्रकलेने भरशील याबद्दल मला शंका नाही. करिअरशी संबंधित विषयाचे ५ आणि आर्थिक साक्षरतेचे अडीच अजून कोऱ्या जागा आहेत. ते बारावीवर ढकलू नयेत असे माझे मत आहे. बारावीत एखादा तास वेळापत्रकात बसला नाही, तर पुढे दुसरे वर्ष उरत नाही. स्पॅनिश मात्र सोडू नकोस. डिप्लोमासाठी आता तिची गरज नाही, तरी अनेक कॉलेजे एकाहून अधिक वर्षांची परकीय भाषा पाहतात.

क्रेडिट पूर्ण झाले तरी एक परीक्षा उरते. अकरावीच्या वसंतात राज्याची एनजेजीपीए ही चाचणी होईल. तिच्यात दहावीच्या पातळीचे इंग्रजी आणि अल्जिब्रा वन, जिऑमेट्री एवढेच असते, आणि सध्या दोन्ही भागांत ७२५ गुण लागतात. तिचा स्केल आपल्यासारखा शंभराचा नाही, त्यामुळे आकडा पाहून घाबरू नकोस. तो ६५० पासून सुरू होऊन ८५० वर संपतो. तिथे कमी पडले तर एसएटीसारख्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे गुण चालतात, आणि तेही नसतील तर केलेल्या कामाची फाइल तपासून घेण्याची सोय आहे. म्हणजे परीक्षेला इथे दुसरे आणि तिसरे दार ठेवलेले आहे. पीटीला ते नाही.

आता जे मी शुक्रवारी विचारायला हवे होते आणि विचारले नाही. तू तास बुडवत नव्हतास, हे मला आईकडून काल कळले. लॉकर रूममध्ये सगळ्यांसमोर कपडे बदलायची लाज वाटते, म्हणून तू जीन्सवरच जिममध्ये जात होतास, आणि कपडे बदलले नाहीत की त्या दिवसाचा शून्य पडत होता. असे अकरा शून्य आहेत. साताऱ्यात घरून निघतानाच पांढरा गणवेश अंगावर असे, सगळ्यांमध्ये कपडे बदलण्याची वेळच तुझ्यावर कधी आली नव्हती. यात लपवण्यासारखे काही नाही, आणि ते तू मला सांगू शकला नाहीस हा दोष माझ्या आवाजाचा आहे.

मी तुझ्या पीटीच्या सरांना आज ईमेल केला, तुझी लाज नव्हे तर फक्त अडचण लिहिली, आणि तासाभरात उत्तर आले. बाजूच्या बाथरूमच्या स्टॉलमध्ये कपडे बदलायला त्यांची हरकत नाही, आणि बरीच मुले तसेच करतात. शून्य पडलेल्या प्रत्येक तासाऐवजी शाळा सुटल्यावर ४० मिनिटे ट्रॅकवर चालायचे, तारीख आणि वेळ कागदावर नोंदवून त्यांची सही घ्यायची. सेमिस्टर संपण्याआधी अकराच्या अकरा झाले तर शून्य पुसले जातील. तो कागद छापून फ्रीजवर लावला आहे. मंगळवार आणि गुरुवार मी ऑफिसातून लवकर निघतो, तीनला ट्रॅकपाशी येईन आणि तुला हरकत नसेल तर बरोबर चालेन. निळी ट्रॅक पँट आईने धुवून दाराजवळच्या पिशवीत ठेवली आहे.

तुझे
बाबा