साठपैकी किती?

लेस्टर, इंग्लंड,
28 एप्रिल 2013

प्रिय बंड्या,

तुझ्या मेलना उत्तर नाही, दिवाळीत केलेला फोन घेतला नाही, वहिनींच्या ऑपरेशनचंसुद्धा मला मक्याकडून कळलं. शिव्या द्यायच्या असतील तर फोनवर दे, पत्रात नको. तुझी पत्रं आमची ही आधी वाचते. माझी तब्येत ठीक. शुगर होती तिथेच आहे. ही नाइट ड्यूटीला गेली आहे, एप्रिल संपत आला तरी हीटर चालू आहे आणि समोर पोरांच्या सिनेमांच्या डीव्हीडींचा ढीग आहे. त्यातल्या एकीने झोप उडवली आहे. हिला सांगितलं तर म्हणाली, "मार्क दे आणि झोप." म्हणून तुला लिहितोय.

"म्हणजे तू पोरांना पिक्चर दाखवतोस आणि त्याचा पगार घेतोस" हे तुझं वाक्य मी विसरलेलो नाही, तेव्हा आधी काम समजून घे. इथे एएस लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावीच्या वयाच्या पोरांना, मीडिया स्टडीज नावाचा विषय घेता येतो. त्यातले निम्मे मार्क प्रत्यक्ष कामाला. काम काय, तर एका नव्या सिनेमाची नुसती सुरुवात करायची, नामावलीसकट, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. पुढचा सिनेमा नसतोच. चित्र आणि आवाज सगळा स्वतःचा हवा, फार तर कॉपीराइट नसलेलं संगीत चालतं. शंभरातले वीस मार्क तयारीला, साठ प्रत्यक्ष फिल्मला आणि वीस मूल्यमापनाला. हे मूल्यमापन म्हणजे परीक्षा मंडळाने ठरवलेले सात प्रश्न: रूढ संकेत वापरलेत की मोडलेत, कुठल्या समाजगटाचं चित्रण केलंत, सिनेमा कोण वितरित करील, प्रेक्षक कोण, त्यांना ओढलंत कसं, तंत्र काय शिकलात आणि सुरुवातीच्या सरावापासून इथवर काय फरक पडला. मार्क आम्हीच द्यायचे, मग बाहेरचा मॉडरेटर नमुने मागवून तपासतो.

जवळजवळ सगळे थ्रिलरच करतात. स्वस्त पडतो. एक टोपीवालं जॅकेट, एक बॅटरी, एक पळणारी मुलगी, झालं. संवाद नकोत, त्यामुळे अभिनय यायची गरज नाही. यंदा त्यात कार पार्कची भर पडली. तू वाचलं असशील, फेब्रुवारीत इथल्या युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की गावातल्या कार पार्कखाली सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्डचाच. 1485 मध्ये लढाईत मेलेला राजा मोटारींखाली निवांत पडला होता. तेव्हापासून प्रत्येक ग्रुपला कार पार्कमध्येच प्रेत हवंय. एका ग्रुपने निम्मं शूटिंग जानेवारीच्या बर्फात केलं आणि निम्मं बर्फ वितळल्यावर. मुलगी बर्फातून पळत येते, मागे वळून बघते, तर मागे कोरडा रस्ता. मूल्यमापनात लिहिलंय, "आम्ही सातत्याच्या रूढ संकेताला आव्हान दिले." तुझी आठवण झाली. आपल्या नाटकाचा पडदा अर्ध्यावर अडकला तेव्हा तूही परीक्षकांना असंच काहीतरी सांगितलं होतंस.

आता मुद्दा. एक मुलगी आहे. गुजराती, आजोबा युगांडातून 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने हाकलल्यावर इथे आलेले. इथे अशी घरं खूप. ग्रुपमधली बाकीची पोरं विषय सोडून गेली, ही एकटी उरली. मुलांचं काम बाहेर पाठवता येत नाही, म्हणून शॉट लिहूनच सांगतो. नीट वाच, तुझ्या नेहमीच्या घाईने नको.

बेलग्रेव्ह रोडच्या बाजूचं घर. कॅमेरा स्वयंपाकघरात, एका जागी, फार खाली. इतका खाली की आजीचं तोंड दिसतच नाही, फक्त पदर, हात, ओटा आणि लाटणं. मागे लांब पॅसेज आणि टोकाला पुढचं दार, त्याला धुरकट काच. आजी रोटली लाटतेय. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नावं येतायत. संगीत नाही. लाटण्याचा आवाज आणि फ्रिजची घरघर. मग दाराच्या काचेमागे एक आकृती येते. नावं थांबतात. आकृती बेल वाजवत नाही, नुसती उभी. आजीची दाराकडे पाठ. ती लाटतच राहते. बंड्या, ती आकृती किती वेळ उभी असते ते मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण पहिल्यांदा बघताना माझा हात रिमोटवर होता आणि तो तिथेच राहिला. मग आकृती निघून जाते. आजी वळत नाही. लाटणं चालूच. खालच्या आवाजात फक्त विचारते, "गयो?" आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याच्याच जागेवरून, एका लहान पोरीचा आवाज येतो: "हा."

अंधार. सिनेमाचं नाव.

कॅमेरा खाली का, ते तेव्हा कळतं. टेबलाखाली एक पोर बसलेली आहे आणि आपण तिच्या डोळ्यांनी बघत होतो. मी पुन्हा लावून बघितलं. आकृती आल्यापासून आजी एकच रोटली लाटतेय. उचलत नाही, तव्यावर टाकत नाही, दुसरा गोळा घेत नाही. ती पातळ होत होत शेवटी कडेला फाटते. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

आता तू खुर्चीतून उठून दोन्ही हात वर केले असशील, "मी सांगत नव्हतो?" बस खाली. तू ब्याण्णवच्या आपल्या नाटकातही चूक होतास आणि आजही आहेस. रिकामी खोली, टेबलावर फोन, दीड मिनिट कुणी नाही, "शांततेलाच घाम फुटू दे" वगैरे. बाल्कनीतून "लाइटवाला झोपला का रे?" आलं आणि थिएटर फुटलं, ते विसरलास? तुझ्या खोलीत प्रेक्षकाला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो कंटाळला. हिच्या पॅसेजमध्ये प्रेक्षकाला दारामागचा माणूस माहीत आहे. थ्रिलरवाल्या दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेली टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, आणि तो आहे हे आधी सांगितलंत तर पंधरा मिनिटं हातात राहतो. पोरं मान डोलावतात आणि जाऊन टोपीवाल्याला खांबामागून अचानक बाहेर काढतात. हिने एकटीने ऐकलं, वर टेबलाखाली बॉम्बच्या जागी नातीला बसवलं. संथपणा आणि ताण यांत हा एवढा फरक आहे, आणि तो तुला जिन्यात घसा फोडून सांगितला होता. बाकी मक्याने विंगेतून फोनची घंटा वाजवली ती माझ्या खुणेवरून नाही. एकवीस वर्षं सांगतोय. त्याला विचार. तो घाबरला होता.

तर मार्क. आमच्या विभागप्रमुख बाईंनी साठपैकी 34 दिले, मी 52. बाई वाईट नाहीत, उलट फार नेकीने काम करतात, म्हणूनच भांडताही येत नाही. निकषांची यादी उघडून त्या एकेक ओळीवर बोट ठेवतात. वेगवेगळ्या अंतरांचे शॉट? एकच शॉट आहे. एडिटिंगमधून अर्थ? कट एकच, तोही शेवटचा. चौकट? आजीचं डोकं कापलंय. मी म्हणालो, डोकं कापलंय कारण टेबलाखालच्या पोरीला ते दिसत नाही. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही सांगताय, फिल्म सांगते का?" मी म्हणालो, शेवटचा शब्द ऐका. त्यांनी ऐकला. मग म्हणाल्या, ट्रायपॉड नव्हता म्हणून तिने कॅमेरा स्टुलावर ठेवला असेल आणि मग गोष्ट जुळवली असेल. बरं, निकषांत "जिथे योग्य असेल तिथे" असं जागोजागी लिहिलंय, ते दाखवलं. तर म्हणाल्या, मॉडरेटर रोटली बघणार नाही, तो शॉट मोजणार.

त्यांचं हेच वाक्य मला छळतंय. कारण समज मी 52 वर अडून बसलो, तिची फिल्म नमुन्यात गेली आणि मॉडरेटरला वाटलं की आम्ही उदार आहोत. मग तो एकटीचे मार्क कमी करत नाही. आमचं मार्क देणंच सैल आहे असं त्याचं मत झालं तर सगळ्या कॉलेजच्या मार्कांना कात्री लागते. बर्फवाल्या ग्रुपला, आणि त्या तीन पोरांनाही, ज्यांनी भुयारी रस्त्यात अगदी नीट, नियमाप्रमाणे, कॅमेऱ्याने पात्रांमधली कल्पित रेघ न ओलांडता पाठलाग केलाय. त्यांचं काम स्वच्छ आहे. क्लोज-अप, पाय, हातातला सुरा, धडधडणारं हृदय, नावांचा क्रम अचूक, शेवटी दिग्दर्शक. त्यांना 50 मिळालेत आणि मिळायलाच हवेत, सांगितलेलं सगळं त्यांनी केलंय. फक्त बघून झाल्यावर मी उठून चहा टाकला. त्यातल्या एकाला युनिव्हर्सिटीसाठी हे मार्क लागणार आहेत. माझ्या 52 साठी त्याची ग्रेड का पणाला लावायची? आणि 34 दिले तर ती पोर पुढच्या वर्षी टोपीवाला खांबामागून काढणार, हे मला दिसतंय.

वर तिचं मूल्यमापन. पोरं ब्लॉग करतात, स्लाइड करतात. हिने फिल्मवरच स्वतःचा आवाज टाकलाय, डीव्हीडीवर दिग्दर्शक बोलतात तसा. वितरक कोण, याला बाकी सगळ्यांनी एखाद्या ब्रिटिश कंपनीचं नाव आणि वय पंधरा ते पंचवीस असं छापील उत्तर दिलंय. ही म्हणते, "मला वाटत नाही कुणी घेईल. बा (म्हणजे तिची आजी) म्हणते, देवळात दाखवू, पण मग सगळे विचारतील दारात कोण होतं." समाजगटाच्या प्रश्नावर म्हणते की थ्रिलरमध्ये म्हातारी बाई एक तर मरते नाहीतर काहीतरी बघते, माझी बा काहीच बघत नाही आणि मरतही नाही. आणि सातवा प्रश्न ऐक. मंडळाने दिलेला सराव असा असतो: एका पात्राने दार उघडायचं, खोली ओलांडायची, दुसऱ्यासमोरच्या खुर्चीत बसायचं, एक-दोन वाक्यं बोलायची. त्यातून कट जुळवायला शिकवतात. दरवर्षी तोच सराव, तीच खुर्ची. हिचं उत्तर: "सरावात माणूस दार उघडून आत येतो आणि मग काहीच होत नाही. म्हणून मुख्य फिल्ममध्ये मी त्याला आत येऊ दिलं नाही."

सोळा वर्षांची आहे रे. याला वीसपैकी 19 बाईंनीही दिले. फिल्मला 34 आणि तिच्या मूल्यमापनाला 19, म्हणजे ती काय करतेय ते तिला पूर्ण कळतंय हे मान्य, पण तिने ते केलंय हे अमान्य. हे मी बाईंना म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सोमवारी पुन्हा बसू. सोमवार उद्या आहे.

बाकी, वहिनी आता जिना चढतात का? टाके कधी निघाले? बदली नागपूरला झाली म्हणतात, ती घेतलीस की रद्द करवलीस? मे महिन्यात नागपूर म्हणजे तुला शिक्षाच, घेतली असशील तर कूलर आधी बघ. धाकटीची दहावी कशी गेली? तिला ड्रॉइंगला जायचं आहे हे मक्या म्हणाला. जाऊ दे, उगीच आपल्या बापासारखा वाद घालत बसू नकोस. अण्णांना माझा नमस्कार सांग, ओळखत नसले तरी सांग.

आता माझं काम कर. वर लिहिलंय ते पुन्हा एकदा वाच आणि साठपैकी आकडा कळव. नुसता आकडा. कारणं नकोत, तुझी कारणं मला पाठ आहेत. पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटून गेलेला असेल, पण मार्क पाठवायचे मेच्या मध्याला, तोवर बाई आणि मी चारदा तरी बसणारच. पत्र मिळाल्याबरोबर मेल टाक, आणि यावेळी मी उत्तर देईन. मी 48 च्या खाली येणार नाही असं ठरवलंय, कारण 48 ला सगळ्यात वरची पायरी सुरू होते. तुझा आकडा 52 च्या वर असेल तर तो ब्याण्णवच्या हट्टातून आलाय असं समजेन आणि दोन वजा करीन.

तुझा,
नान्या

ता. क. मक्याला यातलं काही सांगू नकोस. तो लगेच दोन्हींची बेरीज करून दोनने भागेल, आणि 43 हा आकडा मला बाईंकडूनच उद्या ऐकायला मिळणार आहे.