बाबा, चष्मा बदलून हे जाणार नाही

ती. आई-बाबांना सा. न.

आई म्हणाली, बाबा पुन्हा नवा चष्मा करायचं म्हणताहेत. बाबा, दिवाळीत मी तुमच्या समोरच बसले होते. चहा कपात न पडता बशीत पडला, उतरताना तुमचा पाय जिन्याची शेवटची पायरी चाचपडत होता आणि आईची लालभडक साडी तुम्हाला विटकरी वाटली. नंबर तोच आहे, मोतीबिंदू नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण रोजच्या दारू पिण्याबद्दल तुम्ही त्यांना अवाक्षर काढलं नाहीत, आणि तेच सांगायला हवं.

कपाची कड कुठे, पायरी किती खाली, हे डोळ्यापेक्षा मेंदू ठरवतो. वर्षानुवर्षं भरपूर पिणं झालं की त्याचा हा अंदाज चुकायला लागतो. त्यात जेवण तुटलेलं. दारूमुळे बी-वन जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, आणि शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. जीवनसत्त्वं कमी पडून डोळ्याची नस दुखावली की रंग फिके पडतात, लाल तर विशेष, आणि मधोमध धूसर दिसतं.

आई, दोन-दोन दिसणं, बुबुळं थरथरणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी 'आज जास्त झाली' म्हणून त्यांना झोपवू नकोस. तडक दवाखान्यात ने आणि रोज पितात हे आधी सांग, म्हणजे ग्लुकोज चढवण्याआधी बी-वनचं इंजेक्शन देतील. बाटल्याही ओतून देऊ नकोस. इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू शकतात. औषधांच्या आधारानेच सोडवायची.

बाबा, सुटली की बरंच परत येतं. काही आठवड्यांत मेंदू सावरायला लागतो. अंतराचा अंदाज मात्र हळू येतो, महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. नसेचं किती भरून येईल हे उपचार किती लवकर सुरू होतात त्यावर आहे, म्हणून मी घाई करतेय. तोवर गाडी चालवू नका, पोवई नाक्यापर्यंतसुद्धा नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आपल्या साताऱ्यातच आहे. सोमवारी मी रजा टाकलीय. आधी तिथे जाऊ, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, तिघंही. जुने रिपोर्ट काढून ठेवा.

तुमची लेक