दोन गणवेशांपैकी एक तरी सुती असू द्या

मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि बचत गटातल्या बायांसोबत शाळेचे गणवेश शिवते. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्धं वाचून बाजूला पडलं तरी चालेल. सरकार जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांना वर्षाला जे दोन गणवेश देतं, त्यातला एक तरी शुद्ध सुती असावा आणि त्याचं सूत विदर्भातल्या कापसाचं असावं.

गणवेश शालेय शिक्षण खात्याकडे येतो, हे ठाऊक आहे. पण 2023-28 चं 'एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण' तुमच्या खात्याचं, म्हणून आधी तुमच्या दारात आले.

आमच्याकडे तागा येतो तो 'कॉटन मिक्स' म्हणून. मिक्स किती, ते कडेचा धागा ओढून काडी लावली की कळतं. सूत असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटात राख चुरते. हा धागा मात्र आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळी टणक गुठळी धरतो. हेच अंगात घालून पोरं मार्च-एप्रिलात टिनाखाली बसतात. मानेवर, काखेत घामोळ्या. ऊन जास्त म्हणून विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. म्हणजे आमचं ऊन सरकारला वेळापत्रकात मान्य आहे, कापडात नाही.

शहरातले लोक आता कपडा घेताना विचारतात, कापूस कसा पिकवला, रंग कोणता, विणणाऱ्याला काय मिळालं. चांगलंच आहे. आमच्या वर्ध्यातच मगन संग्रहालय नैसर्गिक रंगांच्या खादीचं काम करतं आणि ती खादी हातात घेतली की सोडवत नाही. पण असं कापड परवडणाऱ्याच्या निवडीवरच राहिलं तर कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या लेकरापर्यंत ते येणार कधी? त्याचं कापड त्याची माय निवडत नाही, सरकार निवडतं.

आता पैशाचं. दोन गणवेशांना 600 रुपये, म्हणजे एकाला 300, शिलाईसकट. सहावीतल्या पोराच्या शर्ट-पँटला साधारण साडेचारशे ग्रॅम कापड लागतं. क्विंटलभर कापसातून रुई निघते 33-34 किलो, बाकी सरकी. घट धरून एका गणवेशामागे दीड किलोच्या आसपास कापूस झाला. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल, म्हणजे 120 रुपये कापसाचेच. सरकीचे थोडे परत मिळतील. तरी जिनिंग, कताई, विणाई, रंग, शिलाई, काज-बटण आणि दुकानदार, एवढं सगळं उरलेल्यात कसं बसवायचं? बसत नाही, म्हणून पॉलिस्टर येतं. यात मास्तरांचा दोष नाही की शाळा व्यवस्थापन समितीचा. सुती गणवेशाचा दर वेगळा आणि जास्तच धरावा लागेल.

दोन्ही गणवेश सुती का मागत नाही? कारण गावातल्या बाया मला तोंडावर सांगतात: पावसाळ्यात सुती रातोरात वाळत नाही, चुरगळतं, आटतं. खरं आहे. आटण्यावर उपाय आहे. बेतण्याआधी तागा भिजवून वाळवायचा आणि शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, जास्त सोडायची. पोर वाढलं की उसवून घेता येतं. वाळण्यावर मात्र उपाय नाही. म्हणून श्रावणात पॉलिस्टर मिसळलेलं टेरिकॉट घालू द्या, उन्हाळ्यात सुती द्या.

सुती म्हटलं की सगळं चांगलंच, असंही नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तसल्या कापसाचा गणवेश शिवून आम्ही काय मिरवायचं? अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने एकेए-7 सारखे देशी वाण दिलेत. ते कोरडवाहू वावरात तग धरतात, रसशोषक किडींना लवकर बळी पडत नाहीत आणि बी घरचं ठेवता येतं. धागा आखूड पडतो, बारीक सुताला चालत नाही. पण शाळेच्या चड्डीला बारीक सूत हवंय कोणाला? शेतकरी हा कापूस लावत नाही, कारण घेणारं कोणी नाही. गणवेशासाठी सरकारने खरेदीची हमी दिली तर लावणारे पुढे येतील.

1877 मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली, कापूस जवळ म्हणून. आज त्या जागेवर मॉल आहे. आमच्या कापसाच्या गाठी बाहेरच्या सूतगिरण्यांत जातात आणि शाळेचं कापड भिलवाडा-भिवंडीकडून येतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्रा पार्क, म्हणजे केंद्राच्या योजनेतली कापड उद्योगाची मोठी वसाहत होतेय, सप्टेंबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी वर्ध्यातून त्याचं भूमिपूजन केलं. तिथं कापड निघेल तेव्हा निघेल, पण ते घेणारं गिऱ्हाईक आधी ठरवा. दरवर्षी न चुकता कापड लागणारं गिऱ्हाईक सरकारच आहे.

फक्त मुंबईतून कापड कापून पाठवू नका. 'एक राज्य एक गणवेश' 2024-25 मध्ये करून झालं, मापांची ओरड झाली आणि त्याच डिसेंबरात खरेदी परत शाळा समित्यांकडे द्यावी लागली. कापड, सूत आणि दर तेवढे ठरवा. माप आम्ही घेऊ.

एकदम सगळ्या राज्यात नको, वर्धा नाहीतर यवतमाळ, एका जिल्ह्यापासून सुरू करा. जीआर फेब्रुवारीत निघाला तर कापड मेपर्यंत गावात येतं आणि भिजवून, वाळवून शिवायला वेळ मिळतो. जूनमध्ये निघाला तर बाजारात जे असेल तेच आम्ही शिवू.

आपली,
गणवेश शिवणारी एक बाई
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

प्रत: मा. शालेय शिक्षण मंत्री