ताल, लय आणि ठेका यांत गल्लत नको

माननीय संपादक,
स. न.

संगीत मैफलींच्या वृत्तांतांत ‘ताल’, ‘लय’ आणि ‘ठेका’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, याचे वाईट वाटते. लय म्हणजे मात्रांची, म्हणजे मोजणीच्या समान ठोक्यांची, गती. ती विलंबित (संथ), मध्य किंवा द्रुत (जलद) असते, म्हणून ‘लय वाढली’ हे योग्य, ‘ताल वाढला’ हे चूक. ताल हे मात्रांचे, टाळी-खालीचे (टाळी देऊन किंवा हात मोकळा सोडून दाखवायच्या जागांचे) बांधलेले चक्र आहे आणि ठेका म्हणजे ते चक्र तबल्यावर उभे करणारे ठरावीक बोल. त्रिताल आणि तिलवाडा या दोन तालांच्या मात्रा १६, विभागही सारखेच, तरीही केवळ ठेक्यामुळे त्यांची चाल किती निराळी भासते! रूपक तालात तर सात मात्रांच्या आवर्तनाची (एका पूर्ण चक्राची) सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीवरच येते. एरवी ‘ठेका धरला’ असे आपण सहज म्हणतो, ते बोलीत शोभतेही. परंतु छापील समीक्षेत इतके नेमके शब्द हाताशी असताना सगळ्याला ‘रिदम’ म्हणणे मला पटत नाही. आपल्या वार्ताहरांनी हा भेद पाळावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा